चेतकचं धरून बसलेलं मॅग्नेट काढताना

बजाजची जुनी चेतक स्कूटर घरच्या घरी उघडायला घेतलेली माणसं हमखास मॅग्नेटपाशी अडतात. सायलेन्सर निघतो, हेड निघतं, कार्बोरेटर तर पोरंटोरंही काढतात. मग येतं पंख्याचं चाक. कागदावर त्याचं नाव फ्लायव्हील, गॅरेजात आम्ही त्याला मॅग्नेटच म्हणतो. फोन येतो, "मिस्त्री, नट तर निघाला, पण चाक हलंना." माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हातोडी मारली का? "नाही" म्हणाले तर पुढचं फोनवर सांगता येतं. "जराशी मारली" म्हणाले की मी गाडी टेम्पोत घालून आणायला सांगतो.

कोल्हापुरात असल्या गाड्यांना तोटा नाही. १९७२ साली चेतक बाजारात आली तेव्हापासून पुढची तीसेक वर्षं इथल्या घरोघरी ती होती. आता बऱ्याच गोठ्यात नाहीतर जिन्याखाली उभ्या असतात. त्यात २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी आलं. पुरात बुडालेली गाडी लोकांनी वरून धुतली, पुसली, आणि "नंतर बघू" म्हणून ठेवून दिली. मॅग्नेटच्या आत शिरलेला गाळ मात्र तसाच राहिला. अशा गाडीचं मॅग्नेट साध्या गंजलेल्या गाडीपेक्षा जास्त हट्टी असतं, कारण बारीक गाळ आणि तांब मिळून आत पुट्टीसारखा थर होतो.

आधी ते चाक धरतं कशानं हे समजून घ्या. क्रँकचं, म्हणजे पिस्टन फिरवतो त्या आसाचं, टोक सरळ दांड्यासारखं नसतं, बाहेरच्या बाजूला निमुळतं होत जातं. त्याला टेपर म्हणतात. मॅग्नेटच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या जाड भागात, तसंच निमुळतं भोक असतं. नट आवळला की एक टेपर दुसऱ्यात घुसतो आणि तिथंच आवळून बसतो. स्टीलच्या पेल्यात पेला अडकतो तसा. मध्ये अर्धचंद्रासारखी छोटी की असते, हाफमून. लोकांना वाटतं चाक त्या कीनं धरलंय. तसं नाही. की फक्त चाक योग्य जागी बसावं, म्हणजे टायमिंग, ठिणगी पडायची वेळ, बरोबर यावी एवढ्यासाठी आहे. धरतो तो टेपर. म्हणून नट निघाल्यावरही चाक हलत नाही, आणि म्हणूनच ते कडेला धरून हलवण्यात, ओढण्यात अर्थ नाही. टेपर एकदा केसभर जरी सुटला की चाक हातात येतं. ते अर्धवट ढिलं होत नाही.

हातोडीला माझा एवढा विरोध का, तेही सांगतो. या इंजिनाचा क्रँक एका तुकड्याचा नसतो. दोन चकत्या आणि मधली पिन दाबून बसवलेली असते. टोकावर हातोडीचा घाव बसला की ती चकती पिनवर सरकते किंवा वाकडी होते. डोळ्यांना काही दिसत नाही. गाडी चालू झाल्यावर हँडल थरथरायला लागतं, बेअरिंग आवाज करतं. शिवाय क्रँकचीच एक चकती कार्बोरेटरकडून येणाऱ्या पेट्रोल-हवेचं दार उघडते आणि मिटते. ती चकती आणि इंजिनाची केस, म्हणजे बाहेरचं कवच, यांच्यात अंतर अगदी थोडं. चकती सरकली की केसला घासते, आणि मग त्या केसची वाट लागते. टोकाचे आटे चेपले जातात ते वेगळंच. आणि चाकाच्या कडेवर मारलं तर पंख्याचं पातं तुटतं, नाहीतर आतलं चुंबक तडकतं. चाक वाचवायला गेलं की क्रँक जातो, क्रँक वाचवायला गेलं की चाक जातं.

आता कामाला लागू. पेट्रोलचा कॉक बंद करा, उजव्या बाजूचं पॅनल काढा, पंख्यावरचं पत्र्याचं झाकण काढा, प्लग काढा. झाकणाचे स्क्रू गंजलेले असतील तर त्यांना आदल्या दिवशीच तेल पाजून ठेवा. पंख्याच्या पात्यांत अडकलेला कचरा ब्रशनं काढा. उंदराचं घर निघालं तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

नट सोडण्यासाठी इंजिन फिरायचं थांबवावं लागतं, आणि इथंच पहिलं नुकसान होतं. पंख्याच्या पात्यात स्क्रू ड्रायव्हर घालून ते अडवू नका. पातं ॲल्युमिनियमचं असतं, कट्कन तुटतं, आणि एक पातं तुटलेलं चाक कायमचं थरथरतं. मागचं चाक बसवलेलं असेल आणि क्लच धड असेल तर गाडी चौथ्या गियरमध्ये टाका आणि कुणाला तरी मागचा ब्रेक दाबून धरायला सांगा. बहुतेक वेळा एवढ्यात भागतं. इंजिन खाली उतरवलेलं असेल तर सुती दोरीची युक्ती. पिस्टन वर येऊ द्या, अगदी टोकाच्या जरा अलीकडे थांबवा आणि मग प्लगच्या भोकातून मऊ सुती दोरी आत सोडा. टोक बाहेर ठेवा. चाक फिरवलं की पिस्टन दोरीवर दाबून थांबेल. पण टू-स्ट्रोकमध्ये एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: पिस्टन खाली असताना दोरी घातली तर ती सिलेंडरच्या भिंतीतल्या खिडकीत (पोर्टमध्ये) शिरते आणि पिस्टनच्या कडेनं चिरडली जाते. पिस्टननं खिडक्या झाकल्यावरच दोरी आत. नायलॉनची दोरी नको, तिचे धागे आत राहतात.

नटाला बरोबर बसणारा सहा कोनी बॉक्स पाना घ्या. बारा कोनी रिंग पाना गंजलेल्या नटाचे कोन गोल करतो. चेतकचा नट सरळ आट्याचा आहे, म्हणजे घड्याळाच्या उलट फिरवला की सुटतो. दुसऱ्या कुठल्या इंजिनावर काम करत असाल तर आधी आटे बघून घ्या. काही इंजिनांत ते उलटे असतात, आणि तिथं जोर लावला की तुम्ही तो आणखी आवळत असता.

इथं एक गंमत आहे, जिच्यामुळं निम्मे लोक फसतात. या जातीच्या बऱ्याच जुन्या चाकांत नटाच्या वर, हबच्या आतल्या खाचेत सर्क्लिप, म्हणजे स्प्रिंगची कडी, बसवलेली असते. नट आधी सुटतो, थोडा मोकळा फिरतो आणि मग पुन्हा घट्ट होतो. लोकांना वाटतं आटे खराब झाले, आणि ते सर्क्लिप काढून टाकतात. ती काढायची नाही! तीच तर तुमचा पुलर, म्हणजे चाक ओढून काढायचं हत्यार, आहे. नट खालून सर्क्लिपला भिडतो, सर्क्लिप हबला अडकलेली असते, म्हणून नट सोडत गेलं की तो चाकाला बाहेर ओढतो. दुसऱ्यांदा घट्ट लागलं की थांबू नका, त्याच दिशेनं सावकाश जोर वाढवा. "टक्" असा आवाज येतो आणि चाक सुटतं. नट सोडायच्या आधी मात्र सर्क्लिप खाचेत पूर्ण बसली आहे ना, ते बॅटरीच्या उजेडात बघा. अर्धवट बसलेली सर्क्लिप सुटून उडते, आणि बरोबर खाचेची कडही मोडते. डोळ्याला चष्मा हवाच.

सर्क्लिप नसेल, आणि आधी कुणी तरी गाडी उघडलेली असेल तर ती नसतेच, तेव्हा पुलर लागतो. पुलर म्हणजे बाहेरून आटे असलेलं नळकांडं आणि त्याच्या मधोमध एक लांब बोल्ट. नळकांडं हबच्या आतल्या आट्यांत बसतं, बोल्ट क्रँकच्या टोकाला भिडतो. बोल्ट आवळला की चाक बाहेर येऊ पाहतं आणि क्रँक आत ढकलला जातो. याची खुबी अशी की सगळा जोर हब आणि क्रँकचं टोक यांच्यातच फिरतो. चकतीला, पिनला, बेअरिंगला त्यातलं काही पोचत नाही. हातोडीत आणि पुलरमध्ये हा सगळा फरक आहे.

एलएमएल कंपनीच्या स्कूटरचा पुलर चेतकला बसेलच असं धरून चालू नका. हबच्या आट्यांचं माप व्हर्नियरनं घ्या, पिच गेजनं पिच (दोन आट्यांमधलं अंतर) बघा, आणि मग विकत घ्या. मी माझे पुलर उद्यमनगरात लेथवर करून घेतले. बाजारातले स्वस्त पुलर मऊ लोखंडाचे असतात, पहिल्याच हट्टी चाकाला त्यांचे आटे पसरतात. लेथवाल्याला नुसतं माप सांगू नका, जमलं तर चाकासकट गाडीच दाखवा. तो तिथल्या तिथे घालून बघतो, ढिलं वाटलं तर दुसरा तुकडा घेतो.

पुलर लावण्याआधी हबचे आटे साफ करायला हवेत, आणि हे काम लोक दोन मिनिटांत उरकतात. माझं ऐका, यावर अर्धा तास घाला. पुराच्या गाडीत या आट्यांत गाळ विटेसारखा घट्ट झालेला असतो. टोकदार सुईनं एकेक आटा कोरायचा, जुन्या टूथब्रशनं रॉकेल लावून घासायचं, चिंधीनं पुसायचं, परत कोरायचं. आट्याचा तळ चमकेपर्यंत. मग पुलर नुसत्या हातानं फिरवून बघा. पाच-सहा आटे आत जायला हवेत, तेही पाना न लावता. दोनच आट्यांवर अडकत असेल आणि तुम्ही तसाच जोर लावला तर हबचे आटे सोलून येतील, आणि मग काम दुप्पट. पुलर तळाला लागेपर्यंत आत गेला पाहिजे.

क्रँकच्या टोकावर, बोल्ट भिडतो तिथं, पितळेचा छोटा तुकडा ठेवा म्हणजे टोक चेपणार नाही. बोल्टाच्या आट्यांना ग्रीस लावा. टेपरच्या फटीत आदल्या रात्रीच डब्ल्यूडी-४० मारून ठेवलेलं असावं. नसेल तर ट्रान्समिशन ऑइल आणि रॉकेल मिसळून थेंब-थेंब सोडलं तरी चालतं. माझ्या अनुभवात मुरायला वेळ दिला तर दोन्हींत फार फरक पडत नाही. चाक वरच्या बाजूला येईल असं इंजिन आडवं ठेवता आलं तर उत्तम, तेल आपोआप खाली उतरतं.

आता बोल्ट आवळा. नळकांडं एका पान्यानं धरा, बोल्ट दुसऱ्यानं फिरवा. चांगला घट्ट झाला की थांबा. पान्याला पाइप लावून आणखी जोर काढायची हौस होते, ती आवरा. त्याऐवजी पितळी हातोडीनं पुलरच्या नळकांड्याच्या कडेवर, आळीपाळीनं चारी बाजूंनी, टिचक्या मारा. घाव नाही, टिचक्या. ताण असलेल्या टेपरला थरथर पुरते. बोल्ट परत पाव फेरा आवळून बघा. फिरला, तर काही तरी हललंय. नाही फिरला, तर तसाच ताण ठेवून गाडी झाकून घरी जा. रात्रभरात तेल मुरतं, लोखंड सैलावतं. सकाळी पुलरसकट चाक खाली पडलेलं मी पाहिलंय, म्हणून खाली गोणपाट अंथरून ठेवायचं. फरशीवर पडलेलं चाक वाकतं.

बोल्टाच्या डोक्यावर मारायचं की नाही यावर आमच्यात दोन मतं आहेत. काही मिस्त्री एकच सणसणीत ठोका मारतात आणि चाक सुटतंही. मी शेवटचा उपाय म्हणूनच मारतो, तोही हलक्या हातोडीनं, कारण तो ठोका थोडा का होईना क्रँकमध्ये जातोच. त्याआधी मी उष्णता वापरतो.

उष्णतेचं गणित छोटं आहे. २० मिलिमीटर व्यासाचं पोलादी भोक १०० अंशांनी तापलं तर साधारण दोन शतांश मिलिमीटरनं मोठं होतं. एवढं टेपरला पुष्कळ झालं. अट एकच: हब तापला पाहिजे, क्रँक थंड राहिला पाहिजे, म्हणून काम झटपट व्हायला हवं. पुलरचा ताण असतानाच हीट गननं फक्त मधला हब तापवा, किंवा हबभोवती चिंधी गुंडाळून वरून उकळतं पाणी ओता. वेल्डिंगवाल्याचा गॅस तिथं नेऊ नका. मागं ऑइल सील आहे, कॉइलच्या तारा आहेत, त्या भाजतात. चुंबक जास्त तापलं तर त्याची ताकद कमी होते आणि मग प्लगची ठिणगी पिवळट, अशक्त पडते. आणि पेट्रोलची टाकी, कार्बोरेटर तोवर गाडीपासून लांब. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्येही पेट्रोलची वाफ असते, म्हणून प्लगच्या भोकात चिंधी कोंबा. उघडी ज्योत नकोच.

हबचे आटे आधीच कुणी सोलून ठेवले असतील तर? तर मग लेथवाल्याकडेच जावं. हबच्या मधल्या पोलादी भागात समोरासमोर भोकं पाडून, त्यात आटे काढून, त्यावर पट्टीचा पुलर लावता येतो. भोकं रिव्हेटपासून लांब आणि एकमेकांच्या बरोबर समोर हवीत, नाहीतर चाकाचा तोल जातो. तीन पायांचा पुलर कडेला अडकवून ओढायची कल्पना सगळ्यांना सुचते. ती विसरा. कडेचा पत्रा आणि ॲल्युमिनियम वाकतं, मधला हब जागचा हलत नाही.

हीच पद्धत छोट्या जनरेटरला आणि फवारणीच्या पंपालाही चालते. तिथं बऱ्याचदा हबवर तयार आट्यांची दोन-तीन भोकं दिलेली असतात. त्यात बोल्ट घालून पट्टीचा पुलर लावायचा. बोल्ट फार लांब घालू नका, मागच्या कॉइलला भोसकतात.

चाक सुटलं की पहिलं काम म्हणजे हाफमून शोधणं. ती क्रँकच्या खाचेत नसेल तर घाबरू नका, ती चुंबकाला चिकटलेली असते. चुंबकाला काय काय चिकटतं याला सुमार नाही: वायसर, लोखंडाचा कीस, तुटलेल्या स्प्रिंगचा तुकडा. चाक लोखंडाच्या किसानं भरलेल्या बाकावर ठेवू नका. जुन्या चाकातली चुंबकं रिकामी राहिली की हळूहळू मंदावतात, म्हणून मी चाक काढलं की जाड लोखंडी तव्यावर पालथं ठेवतो.

हाफमूनची कड कापलेली दिसली तर ती फेकून द्या, नवी घ्या. जरा कापलेल्या कीनं टायमिंग सरकतं आणि किक मारताना पायाला उलटा झटका बसतो. टेपर बघा. लालसर तांब असेल तर बारीक पॉलिश पेपरनं हलकं घासा. खड्डे पडलेले असतील तर की बाजूला काढून, व्हॉल्व्हची ग्राइंडिंग पेस्ट लावून चाक टेपरवर हातानं थोडं उजवीकडे-डावीकडे फिरवा. दोन्हीकडे सारखी करडी झाक आली की पुरे. पेस्ट पेट्रोलनं नीट धुवा, नाहीतर ती बेअरिंगमध्ये जाऊन बसेल. ऑइल सील कडक झालं असेल तर आत्ताच बदला, कारण मॅग्नेट परत काढायची कुणाला हौस नसते. पॉइंटचा, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या स्विचचा, कॅम हबवरच असतो, त्यावरचा गंज काढा आणि त्याच्या फेल्टला (नमद्याच्या तुकड्याला) ग्रीसचा ठिपका द्या.

बसवताना टेपरला तेल किंवा ग्रीस लावायचं का, असं सगळे विचारतात. पुढच्या वेळी सोपं निघावं म्हणून लावतात. मी लावत नाही. टेपर दोन्हीकडून कोरडा, पेट्रोलनं पुसलेला हवा. तेलकट टेपर पकड सोडतो, सगळा भार कीवर येतो आणि की कापली जाते. गंजाची भीती वाटत असेल तर नटाखालचा वायसर नीट बसवा आणि पत्र्याचं झाकण सगळ्या स्क्रूंसकट लावा. पाणी शिरतं ते तिथूनच.

नट इंजिनाच्या पुस्तकात दिलेल्या मापानं टॉर्क पान्यानं आवळा. सर्क्लिप काढली असेल तर परत घाला, पुढचा मिस्त्री दुवा देईल. मग चाकाच्या खिडकीतून पॉइंटचा गॅप बघा, ०.३ ते ०.५ मिलिमीटरच्या दरम्यान असावा; मी ०.४ ठेवतो. प्लग परत लावण्याआधी चाक हातानं दोन फेरे फिरवून कान देऊन ऐका. कॉइलला कुठं घासत असेल तर तिथंच कळतं. गाडी चालू करून एक चक्कर मारून आणा, इंजिन थंड होऊ द्या आणि नट एकदा परत आवळून बघा. नवीन घासलेला टेपर पहिल्या गरमीत थोडा आत बसतो, म्हणून नट पाव फेरा तरी घेतोच.